कानाला विचारलेली तारीख

मागच्या डिसेंबरात मी आत्या झाले. भाच्याचं वजन भरलं १९०० ग्रॅम, आणि पहिल्या तासाभरातच त्याच्या वयावरून गोंधळ सुरू झाला. वहिनीच्या शेवटच्या पाळीच्या तारखेप्रमाणे ३७ आठवडे पूर्ण झाले होते. पण तिची पाळी आधीपासूनच अनियमित. पहिली सोनोग्राफी झाली तीही सहाव्या महिन्यात, आणि तिच्या हिशेबाने बाळ जेमतेम ३४ आठवड्यांचं होतं. आजीने गावाहून फोनवरच निकाल देऊन टाकला, "अठमाशा आहे गं." दादा दोन्ही कागद हातात घेऊन नुसता उभा होता.

बालरोगतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी बाळाच्या तळपायावरच्या रेषा बघितल्या, एक हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे ओढून पाहिला, आणि मग मी कधीच न पाहिलेली एक गोष्ट केली. दोन बोटांत त्याचा कान धरला, वरचं टोक अलगद खाली दुमडलं आणि सोडून दिलं. कान टुणकन जागेवर आला. दुसराही तसाच. सगळी तपासणी झाल्यावर त्या दादाला म्हणाल्या, "दिवस भरलेत याचे. कमी दिवसांचा नाही, कमी वजनाचा आहे. साखर तपासत राहू, ऊब देऊ."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दोन सिस्टिमच्या तारखा जुळेनात, की आम्ही कोणाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता लॉग उघडतो. बाळाच्या कानातही असा लॉग असतो, हे मला ठाऊक नव्हतं. पुढचे काही दिवस बाळ काचेच्या पेटीत आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. मोबाईलवर शोधत बसले की ही कान दुमडायची युक्ती पहिल्यांदा सुचली कोणाला.

संध्याकाळी आजी पोचली. काचेतून पाहून म्हणाली, "कान बघ केवढे! आजोबांवर गेलाय. मोठ्या कानाची माणसं नशीबवान असतात."

गंमत अशी, की बाळाच्या कानाकडे बघायच्या दोन्ही तऱ्हा त्या एका दिवसात माझ्यासमोर आल्या होत्या. आजीला कानात पुढचं दिसत होतं, मॅडमना मागचं. कानाच्या तपासणीचा इतिहास वाचत गेले तसतसं लक्षात आलं, की माणसांनी कानाला जेव्हा जेव्हा 'हा पुढे कोण होणार?' असं विचारलं, तेव्हा कानाने काहीच सांगितलं नाही आणि ऐकणाऱ्यांनी मनचं रचलं. 'याच्यावर आजवर काय गुजरलं, आणि कधी?' असं विचारलं, तेव्हा मात्र उत्तर मिळालं.

आजीची तऱ्हा निरुपद्रवी. तिचीच शास्त्रीय कपड्यांतली आवृत्ती तशी नव्हती. इटालियन डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसोने १८७६ मध्ये 'गुन्हेगार माणूस' या विषयावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक काढलं. माणूस जन्मतःच गुन्हेगार असू शकतो आणि ते त्याच्या शरीरावर दिसतं, असा त्याचा दावा. त्या खुणांच्या यादीत सुरईच्या मुठीसारखे बाहेर आलेले मोठे कान होते. पुढे पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तियोंने कैद्यांच्या मापांत उजव्या कानाची लांबी घातली, आणि एका बाजूने काढलेल्या फोटोत कान नीट दिसेल अशी व्यवस्था केली. बर्तियोंला निदान हा माणूस तोच का, एवढंच विचारायचं होतं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात १९२० च्या दशकापासून पितृत्वाच्या खटल्यांत तज्ज्ञ लोक मुलाचे आणि संशयित बापाचे कान, नाक, डोळे ताडून अहवाल देऊ लागले. नाझींच्या राज्यात त्याच पद्धतीने एखाद्याचा बाप ज्यू होता की नाही, हे ठरवलं जाऊ लागलं. कानाच्या आकारावर माणसाचा जीव टांगला गेला.

याच काळात दुसरीकडे, जास्त शांतपणे, कान बनतो कसा याचा शोध चालला होता. लाइपझिगचा शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस याने १८८० ते १८८५ या वर्षांत मानवी गर्भांच्या रचनेवर मोठा ग्रंथ काढला. बाह्यकर्ण एकसंध उगवत नाही, हे त्याने दाखवलं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या मानेच्या भागात, पहिल्या घडीवर तीन आणि दुसऱ्या घडीवर तीन, असे सहा बारीक उंचवटे येतात. त्यांना आजही हिसचे उंचवटे म्हणतात. ते वाढतात, एकमेकांना जुळतात, आणि जबडा वाढत जातो तसा कान खालून वर, डोळ्यांच्या पातळीकडे सरकतो. आपल्या कानाच्या घड्या म्हणजे ठिगळं जोडल्याच्या खुणा आहेत म्हणा ना. एखादा जोड राहिला तर कानापुढे बारीक भोक किंवा मांसाचा मणी राहतो. सरकणं अर्धवट राहिलं तर कान खाली राहतात. कान म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे चालणारं काम आहे हे एकदा कळल्यावर, काम कुठे अडलं यावरून कधी अडलं हेही काढता येणार होतं. फक्त तसं विचारायला कोणीतरी हवं होतं.

कानात फक्त वेळ नाही, जागाही नोंदली जाते, हे दाखवलं एडिथ पॉटरने. शिकागोच्या प्रसूती रुग्णालयात ती विकृतिशास्त्रज्ञ होती, म्हणजे न जगलेल्या बाळांची तपासणी हे तिचं रोजचं काम. दोन्ही मूत्रपिंडं मुळातच नसलेल्या वीस बाळांचं वर्णन तिने १९४६ मध्ये छापलं. सगळ्यांचे चेहरे एकमेकांसारखे: चपटं नाक, डोळ्यांखाली वळी, आणि खाली सरकलेले, डोक्याला चिकटलेले, कूर्चा कमी असलेले मोठे कान. मूत्रपिंडाचा कानाशी काय संबंध? त्याचं उत्तर पुढे हळूहळू स्पष्ट झालं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळाभोवतीचं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाचीच लघवी. मूत्रपिंडं नाहीत म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणजे गर्भाशयाची भिंत चेहऱ्यावर दाबलेली. पाणी दुसऱ्या कारणाने आटलं तरी चेहरा तसाच होतो. त्या कानात बाळाचा स्वभाव नव्हता, नशीब नव्हतं. महिनोन्‌महिने सोसलेला दाब होता.

आता ज्या गोष्टीपाशी मी सगळ्यात जास्त थांबले, ती. २५ डिसेंबर १९५६ ला पश्चिम जर्मनीतल्या श्टोलबर्ग गावात एक मुलगी जन्मली. तिला बाह्यकर्णच नव्हते. तिचे वडील त्याच गावातल्या ग्र्युनेन्थाल या औषध कंपनीत कामाला होते, आणि बाजारात न आलेल्या एका नव्या गोळीचे नमुने त्यांनी गरोदर बायकोला आणून दिले होते. ती गोळी थॅलिडोमाइडची. सुमारे नऊ महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९५७ ला, ती 'कॉन्टरगन' नावाने जर्मनीत विक्रीला आली. झोपेसाठी, अस्वस्थतेसाठी, मळमळीसाठी, आणि तेही चिठ्ठीशिवाय. इतकी निर्धोक, की गरोदर बायकांनाही चालेल, अशी जाहिरात होती.

त्या मुलीचे कान आज थॅलिडोमाइडची पहिली नोंद मानले जातात. पण तेव्हा कोणी त्यांना काही विचारलंच नाही. पाच वर्षं गेली. हात नसलेली, पाय नसलेली, खांद्यालाच पंजे फुटलेली मुलं जन्माला येत राहिली. आणि बरीचशी मुलं अशीही होती, की हातपाय धड पण कान नाहीत.

हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशिकीचे अभ्यासक विडुकिंड लेन्झ यांच्याकडे १९६१ मध्ये एक तरुण वकील आला. त्याच्या स्वतःच्या मुलाला आणि बहिणीच्या मुलीला सारखंच व्यंग होतं. घराण्यातला दोष म्हणून विषय तिथेच संपू शकला असता. लेन्झ घरोघर गेले, आयांशी बोलले, गरोदरपणात काय काय खाल्लं-घेतलं ते पुन्हा पुन्हा विचारलं. नोव्हेंबर १९६१ च्या मध्याला त्यांनी कंपनीला फोन करून गोळी मागे घ्यायला सांगितलं, आणि दोन-तीन दिवसांनी ड्युसेलडॉर्फच्या बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत संशय उघड बोलून दाखवला. २६ तारखेला ही बातमी रविवारच्या वर्तमानपत्रात आल्यावर कंपनीने गोळी मागे घेतली. डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या विल्यम मॅकब्राइड यांचं पत्र 'लॅन्सेट'मध्ये आलं, त्यातही तोच संशय. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं बाधित झाली असावीत, असा अंदाज नेहमी दिला जातो.

लेन्झ यांचं खरं काम यापुढचं. आईने गोळी नेमकी कोणत्या दिवशी घेतली याच्या जेवढ्या खात्रीच्या नोंदी मिळाल्या, तेवढ्या त्यांनी बाळाच्या व्यंगांशी जुळवल्या. शेवटची पाळी सुरू झाल्यापासून मोजलं, तर धोक्याचे दिवस साधारण ३४ ते ५० एवढेच निघाले. त्यातही क्रम होता. ३४ ते ३८ या पहिल्या काही दिवसांत घेतलेली गोळी कान खाई, नंतरची हात, त्यानंतरची पाय. हिसचे ते सहा उंचवटे दिसायच्याही आधी, कान ज्यांच्यापासून व्हायचे त्या पेशींवरच घाव बसलेला असायचा. आपल्याला दिवस गेलेत हे कित्येक बायकांना नीट कळायच्या आत. म्हणजे कान नसलेलं बाळ पाहून लेन्झ सांगू शकत होते, की आईने गोळी साधारण कोणत्या आठवड्यात घेतली असेल.

या विडुकिंड लेन्झ यांचे वडील फ्रिट्झ लेन्झ. जर्मनीतल्या 'वंशशुद्धी'च्या शास्त्राचे ते एक मोठे पुरोहित, नाझींनी डोक्यावर घेतलेल्या आनुवंशिकतेवरच्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक. बाप शरीरावरच्या खुणा पाहून माणसाची प्रत ठरवणाऱ्यांतला; मुलाने तशाच खुणा पाहून तारीख काढली, आणि दोष रक्ताचा नसून गोळीचा आहे, हे दाखवून दिलं. मुलाने हे जाणूनबुजून केलं का, हा प्रश्न मला पडला, पण दुसऱ्याच्या मनात शिरायचा उद्योग मी करत नाही.

इथवर कान सांगत होता ते गरोदरपणाच्या सुरुवातीचं आणि मधलं. भाच्याच्या कानाला विचारलेला प्रश्न होता शेवटचा: दिवस भरले का?

या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं वजनकाट्यावर ठेवलं होतं. फिनलंडचे आर्वो युल्प्यो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २५०० ग्रॅमची रेघ मारली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच उचलली. रेघेखालचं ते अपुऱ्या दिवसांचं. मोजायला सोपं, म्हणून सगळ्यांना पटलं. (कोणती गोष्ट मोजायला सोपी आहे यावरून ती महत्त्वाची ठरते, हा रोग आमच्या ऑफिसातही आहे.) पण वजन आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी आलेला, वजन सुमारे २१०० ग्रॅम. फुप्फुसं तयार नव्हती. बॉस्टनचे सगळे डॉक्टर हाताशी असून तो ३९ तासांनी गेला. माझा भाचा त्याच्यापेक्षा २०० ग्रॅमनी हलका होता, आणि पहिल्या मिनिटापासून त्याचा श्वास व्यवस्थित चालू होता. लवकर आलेल्या बाळाचं भय फुप्फुसांचं. दिवस भरूनही बारीक राहिलेल्या बाळाचं भय साखर उतरण्याचं आणि अंग गार पडण्याचं. चुकीच्या रांगेत उभं केलं, तर चुकीच्या गोष्टीवर लक्ष ठेवलं जातं.

आपल्याकडे तर हा फरक फारच मोलाचा. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं हे काम पुढे जगभर गाजलं. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. सरासरीच रेघेच्या इतकी जवळ असेल, तर रेघेखाली जाणारी कितीतरी बाळं दिवस भरून आलेली असणारच.

१९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ही चूक मान्य केली आणि २५०० ग्रॅमखालच्या बाळाला 'कमी वजनाचं' एवढंच म्हणा, असं सुचवलं. मग वय कसं ठरवायचं? तेव्हा सोनोग्राफी घरोघरी नव्हती, आणि आयांच्या तारखांवर डॉक्टरांचा फारसा विश्वास नव्हता. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये फार, मिचेल, नेलिगन आणि पार्किन या चौघांनी नवजात बाळाच्या बाहेरून दिसणाऱ्या खुणांच्या नेमक्या व्याख्या केल्या: त्वचा, लव, स्तनाग्रं, तळपायाच्या रेषा, आणि कान. सुइणींना आणि नर्सना हे हाताने माहीत असणारच. पण हाताचं ज्ञान आकड्यात उतरलं की ते दुसऱ्याला देता येतं. १९७० मध्ये शेफिल्डला लिली आणि व्हिक्टर डुबोविट्झ या नवरा-बायकोने १० मज्जासंस्थेच्या आणि ११ बाहेरच्या खुणा एकत्र करून गुणपत्रिकाच बनवली. त्या अकरांत दोन एकट्या कानाच्या, एक आकाराची आणि एक कडकपणाची.

पार्किन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सगळं आणखी छाटलं. चारच खुणा ठेवल्या: त्वचेचा पोत, त्वचेचा रंग, स्तनाचा आकार आणि कानाचा कडकपणा. कान मऊ, कसाही दुमडला तरी तसाच राहतो: शून्य. कडेला मऊ, दुमडतो, पण हळूहळू परत येतो: एक. कडेपर्यंत कूर्चा हाताला लागते, चटकन परत येतो: दोन. घट्ट, सोडल्यासोबर जागेवर: तीन. बस्स. ना वीज लागते ना यंत्र. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जीन बॅलर्ड यांनी डुबोविट्झ यांची यादी बारा खुणांवर आणली आणि १९९१ मध्ये ती फार लवकर आलेल्या बाळांपर्यंत वाढवली. त्यात कानाच्या ओळीत डोळाही आला, कारण अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पापण्या अजून चिकटलेल्या असतात. आपल्या मॅडमनी केलं ते हेच.

ही पद्धत मला आवडली, म्हणून तिची चूक लपवणार नाही. २०१७ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. सोनोग्राफीच्या तारखेशी ताडलं, तर डुबोविट्झ पद्धतीची १०० तली ९५ उत्तरं अडीच-पावणेतीन आठवड्यांच्या आतबाहेर, आणि बॅलर्डची जवळजवळ चार आठवड्यांच्या. चार आठवडे म्हणजे महिना! पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीपुढे कानाची साक्ष कच्चीच. आणि पोटात नीट न वाढलेल्या बाळांचं वय या खुणा कमीच दाखवतात. म्हणजे भाच्याच्या बाबतीत चूक झालीच असती, तर ती 'अठमाशा' म्हणण्याची झाली असती. त्याचा कान तरीही दिवस भरलेत म्हणत होता. उशिरा केलेली सोनोग्राफी मात्र बाळाच्या आकारावरूनच वय काढते. बारीक बाळ तिला लहान वाटणारच.

उरली वहिनीची तारीख. ती सुरुवातीपासून तेच सांगत होती, आणि आम्ही सगळे, दादा धरून, तिच्या अनियमित पाळीकडे बोट दाखवत होतो. लेन्झ यांनी तो सगळा हिशेब मांडला तोही आयांच्या तारखांवरच. दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस, तुझ्या भावाला सांग."

घरी आल्यावर आजीने तेल लावताना कान हलक्या हाताने वर ओढून चोळायला घेतले. डाव्या कानाचं टोक आत वळलेलं होतं. "आत्ता मऊ आहे तोवर वळतो," ती म्हणाली. मी पुन्हा मोबाईल काढला. जपानच्या कियोशी मात्सुओ या प्लास्टिक सर्जननी १९८४ मध्ये हेच लिहिलं होतं: आईकडून आलेलं इस्ट्रोजेन अंगात असेपर्यंत बाळाच्या कानाची कूर्चा मऊ असते, त्या दिवसांत साच्याने आणि पट्टीने कान वळवला तर पुढची शस्त्रक्रिया टळते. नुसत्या चोळण्याने होतं असं त्यांनी म्हटलेलं नाही. टोक सरळ झालं खरं, पण ते आपोआपही होतं. आजीला मी यातलं अर्धंच सांगितलं.

वजन अडीच किलो होईपर्यंत गर्दी नको, असं मॅडमनी बजावल्यामुळे बाराव्या दिवसाचं बारसं आणि कान टोचणं दोन्ही लांबलं. ते झालं परवा जूनमध्ये, बाळाच्या सहाव्या महिन्यात. आजीला ही दिरंगाई मुळीच मान्य नव्हती. सुश्रुतसंहितेत कान टोचायला सहावा किंवा सातवा महिनाच सांगितलाय, आणि कान उजेडात धरून आरपार ऊन दिसेल तिथे सुई घालावी असंही लिहिलंय, हे तिला दाखवल्यावर ती जरा गप्प झाली. आमच्या सोनारकाकांनी सुश्रुत वाचलेला नाही. त्यांनी दादाला बाळ घेऊन खिडकीपाशी बसायला सांगितलं, कानाची पाळी उन्हात धरली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि काही कळायच्या आत तार घातली. बाळाने असा काही सूर लावला, की शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला.